गार खोलीतलं मशीन

तिने मास्तरांचा बदल काढून टाकला, चाचणी पुन्हा सुरू केली आणि आलेख येईपर्यंत उरलेला गार चहा संपवला.

लोकांनी घरोघरी बसून फुकट लिहिलेलं, कुणालाही फुकट मिळणारं ते सॉफ्टवेअर. कुणी त्यात बदल केला की ते आधीपेक्षा संथ झालं नाही ना, हे बघायचं काम तिचं. दर बदलानंतर एक ठरावीक काम घरातल्या एकाच मशीनकडून, म्हणजे कॉम्प्युटरकडून, करून घ्यायचं आणि लागलेला वेळ आलेखावर मांडायचा. आठवडाभर रेघ चढत होती. चढायला लागली ती नेमकी मास्तरांचा बदल आल्यापासून. मास्तर म्हणजे निवृत्त गणित शिक्षक. तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बायको गेल्यावर सबंध वर्ष त्यांनी या एका बदलात घातलं होतं.

त्यांचा निरोप आला.

"काढलात का, ताई?"

"काढला. नाइलाज आहे, मास्तर."

"माझ्याकडे तर वेगात चालतो. पण तुमचं मशीन म्हणजे कोर्ट. असो. वयाप्रमाणे वागावं म्हणतो आता. थांबतो इथेच."

ती उत्तर जुळवत होती, तेवढ्यात आलेख आला. बदल काढूनही रेघ खाली आली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती.

मशीन सासूबाईंच्या खोलीत असायचं. घरातली तीच खोली शांत. तापलं की मशीन संथ होतं, मोजमाप बिघडतं म्हणून तिथे हीटर लावायचा नाही, हा नियम तिचाच.

तिने दार लोटलं. सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या, मशीनची गरम हवा बाहेर पडते त्या जाळीला पाठ लावून. एकच रजई स्वतःवर आणि मशीनवर मिळून घेतली होती. आत मशीन तापून धापा टाकत होतं.

"आई, हे काय?"

"काही नाही गं. आठवड्यापूर्वी थंडी पडली, तेव्हापासून बसते इथे. छान ऊब येते याची. आणि तुझ्यासारखंच आहे, दिवसभर कामात असतं, बोलत नाही."

"सांगायचं ना. हीटर लावला असता."

"हीटरने तुझं गणित चुकतं म्हणालीस ना." सासूबाईंनी रजई सावरली, मशीनवरची आधी. "का गं, काही बिघडलं का?"

"नाही."

ती खाली बसली. त्यांचे मोजे काढून पाय मांडीवर घेतले आणि चोळत राहिली. पाय लवकर गरम होईनात. मग तिने दुसऱ्या खोलीतला हीटर आणून लावला, रजई उचलून त्यांच्या खांद्यावर टाकली.

परत येऊन तिने मास्तरांना लिहिलं, "तुमचा बदल पुन्हा आत घातलाय. चूक तुमची नव्हती. थांबू नका."

"मग कशामुळे झालं हो?"

"खोली फार गार होती."

थोड्या वेळाने उत्तर आलं. "असं कसं, ताई? गार खोलीत मशीन उलट चांगलं चालतं."

भिंतीपलीकडे सासूबाई हीटर जवळ ओढत होत्या.

"मशीन चालतं, मास्तर," तिने लिहिलं, आणि माणसांबद्दलचं पुढचं वाक्य पुसून टाकलं.