चार इंच

मागच्या पावसाळ्यात काल्हेरच्या रस्त्यावर बोलेरोत पाणी शिरलं आणि नूर मोहम्मदचं डायलिसिस चुकलं. तीन तास नवरा-बायको सीटवर पाय वर घेऊन बसले. तिथेच हबीबाने ठरवलं, गाडी उंच करायची. गाडी सोळा वर्षांची. रोज कारखाना, बाजार आणि आठवड्यातून तीनदा ठाण्याचं हॉस्पिटल. मुलगा इमाद म्हणाला, "अम्मा, नवीन घेऊ."

"बापही नवीन आणशील काय?"

पाणी ओसरल्यावर तिथल्या गोदामाच्या भिंतीवर चिखलाची रेघ राहिली होती. हबीबाने आपल्या कारखान्यातल्या मागाचं सूत जमिनीपासून रेघेपर्यंत ताणलं आणि गाठ मारली. शाळा दुसरीपर्यंतची, पट्टीपेक्षा तिचा सुतावर भरवसा. ते घेऊन ती अंजूरला बाळाराम मेकॅनिककडे गेली.

"दरवाजा या गाठीच्या वर पायजे."

बाळारामने सूत गाडीला लावून पाहिलं. "चार इंच उचलावी लागंल, चाची. जुनी गाडी हाय. दोन इंच करू, टायर जरा मोठे टाकू. बस झालं."

"दोन इंच तुझ्या बायकोच्या चपलेला लाव. मला चार पायजेत."

"पन चाचा चढतील काय?"

"चाचाची काळजी करायला मी मेले न्हाय अजून."

बाळाराम हसला आणि कामाला लागला. मागे लोखंडी ठोकळे बसले, पुढच्या स्प्रिंगा बदलल्या, खोल खाचांचे जाडजूड टायर आले. वळताना टायर बाजूच्या पायरीला घासायला लागला, म्हणून पायरीही काढून टाकली. गाडी मोहल्ल्यात शिरली तशी शेजारची हफसा गॅलरीतून ओरडली, "भाभी, हत्ती आणला काय?"

"हत्तीच! पूर आला की तुला पाठीवर घेते."

दुसऱ्या दिवशी नूर मोहम्मद गाडीपुढे उभा राहिला. पाय उचलला, पोचला नाही. दांडी धरून पुन्हा उचलला. नाक्यावरची माणसं बघत होती. इमादने मागून बापाच्या काखेत हात घातले.

"हात काढ. मी सुताची गासडी हाय काय?"

हबीबाने त्याच्या पायाकडे पाहिलं. पाणी तिने मोजलं होतं, नवऱ्याचा गुडघा मोजायचा राहिला होता. पण आता परत जायचं म्हणजे बाळारामचं ते हसू बघायचं. तिने घरातून स्टूल आणलं आणि म्हणाली, "सवय होईल."

झालीही. ती आधी उतरायची, स्टूल ठेवायची, मग तो उतरायचा. जुलैत पाणी भरलं तेव्हा बंद पडलेल्या गाड्यांच्या मधून बोलेरो आरामात निघाली. हबीबा म्हणाली, "बघितलं?" दोन्ही हातांनी दांडी धरून तो म्हणाला, "बघितलं."

ऑगस्टमधल्या एका दुपारी हॉस्पिटलमधून परत येताना तो गाडीतच झोपला. डायलिसिसनंतर त्याच्या अंगात जीव राहत नसे. दारापुढे एक टेम्पो आडवा लावलेला. हबीबा उतरली आणि टेम्पोवाल्याच्या सात पिढ्यांची हजेरी घ्यायला लागली. इमाद स्टिअरिंग सोडून तिला आवरायला गेला. स्टूल गाडीतच राहिलं.

नूर मोहम्मद जागा झाला. समोर आपलं दार दिसलं. त्याने गाडीचा दरवाजा उघडला आणि सोळा वर्षं टाकत होता तसा पाय खाली टाकला. जमीन जिथे असायची तिथे नव्हती.

खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन या शरीराला झेपणार नाही. आता आठवड्यातून तीनदा अँब्युलन्स येते. चार माणसं त्याला उचलून नेतात, चार माणसं उचलून आणतात. तो डोळे मिटून घेतो.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो एकच सांगतो, "पाऊस होता. लादी ओली. पाय घसरला." हबीबा चहा देते आणि ऐकून घेते. सगळा जन्म तिने कुणाचं उलट उत्तराशिवाय ऐकून घेतलं नव्हतं.

काल बाळाराम आला. चपला काढून दारातच उभा राहिला. नूर मोहम्मदने सुरुवात केली, "अरे, पाऊस होता..."

"पाऊस नव्हता," हबीबा म्हणाली. "ऊन होतं कडकडीत. गाडी मी उंच करायला लावली. हा दोनच म्हणत होता."

बाळारामने मान खाली घातली. हफसाही बसली होती. तिने हातातला कप बशीत ठेवला.

नूर मोहम्मदने छताकडे नजर वळवली. मग म्हणाला, "हबीबा, पाऊस होता."