मिस विलेट्टांच्या दारातला रॅम्प

"फोटोत मिस विलेट्टा हसायला हव्यात," ब्रिनने बजावलं. "आणि खुर्ची रॅम्पवरच पाहिजे हं. मागे कठड्यावरची आपली अक्षरं दिसू देत."

ब्रिन म्हणजे भगिनीमंडळाची अध्यक्ष. टेनेसीतल्या आमच्या कॉलेजगावात अशी मंडळं बरीच. एका मंडळाच्या चाळीसेक मुली एकाच मोठ्या घरात राहतात, घरावर मंडळाच्या नावाची ग्रीक अक्षरं मिरवतात आणि दर शरदात एक सेवासप्ताह करतात. गेल्या वर्षी या मुलींनी बंधुमंडळातल्या मुलांना हाताशी धरून विलेट्टा ग्रिम्स या वृद्ध बाईंच्या दारात चाकाच्या खुर्चीसाठी लाकडी रॅम्प बांधला होता. तोही एका शनिवारात! (आमच्याकडे वयस्कर बाईंना, लग्न झालेलं असलं तरी, मानाने 'मिस' म्हणतात.) त्याच कामाला यंदा राज्यभरातल्या मंडळांमधून पुरस्कार जाहीर झाला होता. ताजा फोटो तेवढा हवा होता आणि तो आणायचं काम सेवाप्रमुख टेसा लिंडक्विस्टकडे आलं.

टेसा कामचुकार नव्हती. रॅम्प बांधताना तिच्या तळहातांना फोड आले होते आणि त्यांचा तिला अभिमान होता. त्या दिवशी दुपारी ती मिस विलेट्टांकडे पोचली तेव्हा रॅम्प अगदी नवा दिसत होता. रंग तसाच. वर्षभरात चाकाचा एक ओरखडाही उठलेला नव्हता!

मिस विलेट्टा जाळीच्या दाराआड खुर्चीत बसल्या होत्या.

"ये गं पोरी. फोटो ना?"

"हो, मिस विलेट्टा. फक्त जरा बाहेर, रॅम्पवर आलात तर..."

"ते नाही जमायचं."

"का बरं? मी ढकलते ना."

म्हातारीने तिला नीट न्याहाळलं. मग दोन्ही हातांवर भार देत ती कोचावर सरकली. "बस माझ्या खुर्चीत. उतरून दाखव, मग मी येते."

टेसा हसतच खुर्चीत बसली. पुढची चाकं कडेवरून खाली गेली मात्र, खुर्ची सुसाट सुटली! तिने कठडा धरला, तळहात भाजला, हात सुटला. खाली खडीत खुर्ची कलंडली आणि टेसा गुडघ्यांवर आपटली. उठून ती पुन्हा खुर्चीत बसली आणि वर चढू लागली. चार हात वर, की घसरून खाली. तीनदा केलं. जवान पोरगी, पण रडकुंडीला आली.

"मीही एकदाच उतरले," दारातून आवाज आला. "तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी. मनगट मोडलं. तेव्हापासून डॉक्टरकडे जायचं झालं की चर्चमधले दोघे येतात आणि पोत्यासारखी उचलून नेतात. चाळीस वर्षं त्या चर्चमध्ये गायले मी. आता कुठलं गाणं? दर रविवारी कुणाला उचलायला लावू?"

"पण त्याआधी तुम्ही कशा जायचात?"

"मागच्या दारी लांबलचक उतार होता. माझ्या नवऱ्याने केलेला. वेडावाकडा होता, पण मी एकटी जायचे. नवा झाला म्हणून तुम्हीच तो उखडलात की! घाण दिसतो म्हणालात."

टेसाला आठवलं. उखडताना ती स्वतःच तिथे होती.

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगू? सकाळी वीस जण आलात, केक आणलात, गळ्यात पडलात, संध्याकाळी पसार! एकाने तरी विचारलं का, की बाई, तुम्हाला काय हवंय? आणि फुकट मिळालेल्याला नाव ठेवलं की माणूस कृतघ्न ठरतो, पोरी. तुमचे आभार मानत मानत वर्षभर कोंडून राहिले मी या घरात."

टेसा रिकाम्या हाताने परतली. ब्रिनने ऐकून घेतलं आणि खोलीचं दार लावलं.

"पुरस्कार होऊ दे, मग बघू."

"अगं, त्या आत अडकल्यात!"

"आणि तू आत्ता बोललीस तर सगळ्या मंडळाचं नाक कापलं जाईल. कुणी बोलायचं नाही तुझ्याशी. याच घरात राहायचंय ना तुला?"

दोन दिवस टेसा त्या घरात कोंडल्यासारखी वावरली. तिच्या मैत्रिणी, तिची खोली, तिचं हसणं-खिदळणं, सगळं याच चार भिंतींत होतं. बोलावं तर हे सारं जाणार. गप्प बसावं तर जाळीच्या दाराआडचा तो चेहरा घास उतरू देईना.

शुक्रवारी जेवणाआधी सगळ्या जमल्या. ब्रिनने रॅम्पची गोष्ट सांगितली, टाळ्यांचा कडकडाट झाला. टेसा उभी राहिली.

"टाळ्या नका वाजवू. आपण मिस विलेट्टांना कैद केलंय!"

तिने सगळं सांगितलं. मोडलेलं मनगटसुद्धा. मग मागून कुणीतरी पुटपुटलं, "या म्हाताऱ्यांना कितीही करा, कमीच."

"मग तू बस त्या खुर्चीत!" टेसा उसळली. "उद्या सकाळी. सगळ्याच या!"

चाळीसमधल्या सात आल्या. आठवी ब्रिन. टेसाला खोटं पाडायलाच ती आली होती. ठसक्यात खुर्चीत बसली आणि अर्ध्या रॅम्पवर तिची किंकाळी गल्लीभर गेली.

खडीतून ती उठली. मग पायी वर गेली, जाळीच्या दाराशी खाली बसली.

"मिस विलेट्टा, चुकलं आमचं. तुम्हाला काय हवंय?"

"विचारायला वर्ष लागलं गं बाई!" म्हातारी म्हणाली. "लायल हॅगर्टीला बोलवा. जुना सुतार आहे. तो सांगेल तसं करा."

लायलने टेप लावली आणि कपाळावर हात मारला. उंबऱ्याची उंची अठ्ठावीस इंच, रॅम्प जेमतेम नऊ फूट लांब! "उंचीच्या दर इंचाला एक फूट लांब उतार लागतो, पोरींनो. ही तर लहान मुलांची घसरगुंडी झाली!"

अठ्ठावीस फुटांचा नवा रॅम्प बांधायला चार शनिवार लागले. लाकूड कापण्याआधी दर वेळी मिस विलेट्टांना विचारलं जाई. पुरस्कार मुलींनी कारण लिहून परत केला. दोघी-तिघी टेसाशी आजतागायत बोलत नाहीत. मोडलेलं मनगटही पहिल्यासारखं झालं नाही. पण पाचव्या आठवड्यात, रविवारी सकाळी, मिस विलेट्टा निळी टोपी घालून, कुणाचाही हात न धरता खाली उतरल्या आणि रस्ता ओलांडून चर्चमध्ये गायला गेल्या.

मंडळी, आपणही सणासुदीला, वाढदिवसाला काहीबाही वाटतो आणि समाधानाने झोपतो. पण ज्याला दिलं, त्याला ते हवं होतं का? त्याच्या कामी आलं का? न विचारता केलेली मदत कधीकधी माणसाच्या दाराला कडी घालते. म्हणून द्यायच्या आधी विचारा, आणि दिल्यावर एकदा परत जाऊन बघा. तेवढं केलंत, तरच ती सेवा!