माझे हँडल कोणाच्या हाती?

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे, हाताने फिरवायचा, आणि हळू बोलणे मला येत नाही. ज्यांचे कान नाजूक असतील त्यांनी आत्ताच पान उलटावे. मी थांबणार नाही.

सध्या माझा मुक्काम कतारच्या दोह्यात, मदिनत खलीफा वस्तीतल्या एका व्हिलात आहे. व्हिला म्हटल्यावर डोळे मोठे करू नका. मालकाने या व्हिलाचे तुकडे पाडले आहेत आणि प्रत्येक तुकड्यात एक कुटुंब कोंबले आहे. आमच्या तुकड्यात वसईचे जॉनसन, त्यांची पत्नी एलिझाबेथ आणि मुलगी फियोना राहतात. परवापरवापर्यंत माझे काम एकच होते. एसीच्या वाऱ्याने स्वयंपाकघराचे दार आपटू नये म्हणून मला दाराशी बसवले होते. माझ्या डोक्यावर बोंबलाच्या लोणच्याची बरणी असायची. फियोनाचे ओले मोजेसुद्धा माझ्यावर वाळले आहेत. हा सगळा अपमान मी मुकाट्याने गिळला, कारण मला हँडल नव्हते आणि हँडल नसलेल्या भोंग्याला कोण विचारतो?

ते हँडल माझ्यापासून हिसकावून घेतले होते. कोणी आणि का, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म कुर्ल्याच्या एका लहान कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचे अंग, आत पंखा आणि बाजूला हँडल. हँडल फिरवले की आतला पंखा गरगरतो आणि मी रडू लागतो, असे लोक म्हणतात. साफ खोटे! मी रडत नाही, मी ओरडतो. मला पहिल्यांदा फिरवले तेव्हा समोरच्या गल्लीतल्या बायका खिडक्यांत येऊन कारखान्याचा उद्धार करू लागल्या. मिस्त्री खूश होऊन म्हणाला, "पास झाला!" मग मला लाल रंग चढला, कुर्ल्याच्या नावाची पितळी पट्टी बसली आणि मी जहाजात चढलो.

जहाजाने मला आफ्रिकेतल्या एका देशात उतरवले. देशाचे नाव मी सांगत नाही. असे देश एकापेक्षा जास्त आहेत आणि ज्याला ओळखायचे तो ओळखेलच. तिथे नदी समुद्राला मिळताना खाड्यांचे जाळे विणते. खाड्यांच्या काठी गावे आणि गावांच्या खाली तेल. ते तेल एका ठाण्यावर गोळा करून पाइपलाइनने पुढे पाठवत. त्या ठाण्याच्या फाटकाजवळ एका खांबावर मला बसवले. माझी देखभाल मोझेस नावाचा पहारेकरी करायचा. तो रोज सकाळी मला तेलाचे दोन थेंब पाजायचा आणि फडक्याने पुसायचा. माझ्या आयुष्यात माझे इतके लाड दुसऱ्या कोणी केले नाहीत.

जॉनसन तिथे मेंटेनन्सला लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी पितळी पट्टी वाचली आणि हसून म्हणाले, "अरे, तू तर आपल्याकडचा!" परक्या मुलखात मराठी ऐकून माझा पंखा आतल्या आत हलला.

आता नीट ऐका. ठाण्यातली पाइपलाइन जुनी होती, गंजलेली होती आणि वरचेवर फुटायची. फुटली की मला वाजवायचे, म्हणजे ठाण्यातली माणसे सावध होत. एकदा जॉनसननी मला वाजवले तेव्हा समोरच्या गावात धावपळ उडाली. बायकांनी भराभर जाळी ओढून घेतली, पोरांना पाण्याबाहेर बोलावले, चुली विझवल्या. दुसऱ्या दिवशी एबिएरे नावाची एक कोळीण धुरात सुकवलेले मासे घेऊन फाटकाशी आली. म्हणाली, "तुझा भोंगा वाजला म्हणून आमची जाळी वाचली. पुढेही वाजव." तेव्हापासून पाइप फुटला की जॉनसन मला ठाण्यासाठी एकदा आणि गावासाठी एकदा, असे दोनदा वाजवू लागले. गावासाठीचा आवाज लांबलचक असे. खाडीच्या पलीकडच्या वळणापर्यंत तो जाई. कोणी सांगितले नव्हते, कुठे लिहिलेले नव्हते. माणसाने माणसाला सांगावे तसे ते सुरू झाले होते.

कंपनीला हे रुचले नाही. गावासाठी भोंगा वाजवला म्हणजे पाइप फुटला हे आपणच गावभर केले, असे साहेबांचे म्हणणे पडले. जॉनसनना तंबी मिळाली. ते मान डोलवायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा वाजवायचे.

मग बंदूकवाले आले. खाडीतून एक होडी आली, होडीत तोंडे बांधलेले तरुण होते. त्यांना साहेबांना उचलून न्यायचे होते. मोझेस फाटक उघडेना, तेव्हा त्यांनी त्याला गोळी घातली. मित्रांनो, तो माझ्या खांबाला टेकून बसला आणि पुन्हा उठला नाही. त्या बंदूकवाल्यांना कोणी बिचारे, वाट चुकलेले वगैरे म्हटले की माझे लोखंड तापते. मोझेसलाही घर होते. त्याला मारणाऱ्यांना पकडले पाहिजे, कोर्टात उभे केले पाहिजे आणि शिक्षा दिली पाहिजे. यात मी तसूभरही मागे हटणार नाही.

पण सरकारने काय केले? सरकारने लष्कर पाठवले. लष्कराने बंदूकवाल्यांचा माग काढायचे सोडून गावालाच वेढा घातला. ठाण्यात अधिकारी येऊन बसला. त्याने मला पाहिले आणि ठरवून टाकले की हा भोंगा बंदूकवाल्यांना इशारा देतो. त्याने माझे हँडल काढले आणि खिशात घातले.

काही दिवसांनी पाइप फुटला. भर दुपारी तेल खाडीत उतरले आणि पाण्यावर पसरत गावाकडे निघाले. जॉनसन धावत माझ्याकडे आले, रिकाम्या भोकाकडे बघितले, मग अधिकाऱ्याकडे धावले. "हँडल द्या! गावात चुली पेटल्या आहेत!" असे ते ओरडत होते. अधिकारी म्हणाला, "हुकूम नाही." गाव माझी वाट बघत असेल, हे मला ठाऊक होते. मी नाही वाजलो म्हणजे सगळे ठीक आहे, असेच ते समजणार होते. काठावरच्या कुठल्या तरी चुलीची ठिणगी तेलावर पडली आणि खाडी पेटली. पाण्यात खेळणारी पोरे होती. पुढचे मी सांगत नाही. मोठा आवाज असूनही काही गोष्टी माझ्याने सांगवत नाहीत.

सरकारने जाहीर केले की पाइप बंदूकवाल्यांनी उडवला आणि गावाने त्यांना थारा दिला. उरलेली घरे लष्कराने जाळली. माणसे दूरच्या निर्वासित छावणीत नेली. मला भंगारात टाकले. नोकरी सोडून निघताना जॉनसननी मला भंगारातून उचलले आणि ट्रंकेत कपड्यांखाली ठेवले. दोह्याच्या विमानतळावर तपासनिसाने विचारले, हे मांस बारीक करायचे यंत्र आहे का? जॉनसन हो म्हणाले. तेव्हापासून मी दाराशी बसून होतो.

गेल्या महिन्यात बातमी आली. त्या देशात नवे सरकार आले आहे आणि त्याने एका न्यायाधीशबाईंची चौकशी समिती नेमली आहे. प्रश्न एकच आहे. त्या जागी लष्कराची कायमची छावणी करायची, की गावाला परत येऊ द्यायचे? समितीने जॉनसनना व्हिडिओ कॉलवर साक्ष द्यायला बोलावले.

सुट्टीच्या शुक्रवारी चर्चमधली मिस्सा झाली की आमच्याकडे हाफिज येतात. ते रत्नागिरीचे, अल रुवैस बंदराजवळ होड्यांच्या सामानाच्या दुकानात काम करतात आणि येताना हटकून मासे आणतात. त्या दिवशी ताटावरच वाद पेटला.

"सरकार कडक नको तर काय?" हाफिज म्हणाले. "बंदूक घेऊन येणाऱ्याला बसवून चाय पाजायची काय? माझा चुलतभाव जहाजावर आहे. त्याला उद्या कोणी उचलून नेलान तर मी पण बोलणार, मिलिटरी पाठवा."

"मोझेसला मारणाऱ्याला पकडा ना," जॉनसन म्हणाले. "जन्मठेप द्या, मी टाळ्या वाजवतो. पण एबिएरेचं घर का जाळलं? तिच्या हातात काय बंदूक होती? अरे हाफिज, आधी ते बंदूकवाले सगळे एका होडीत मावत होते. गाव जाळलं आणि मग त्यांना होड्या पुरेनात. पोरांना बंदुका कोणी दिल्या मग, सांग."

हाफिजनी सुरमईचा काटा ताटाच्या कडेला ठेवला.

"आणि मॅनेजर काय बोलला ते पण सांग ना त्यांना," एलिझाबेथ म्हणाल्या. "ह्यांची आताची कंपनी त्याच तेल कंपनीची कॉन्ट्रॅक्टं घेते. डोन्ट गेट इन्व्हॉल्व्ड, असं क्लिअर सांगितलंय ह्यांना. फियोनाचं बोर्डाचं वर्ष. व्हिसा कॅन्सल झाला तर कुठे जायचं आपण? तुझ्या घरी कोण मेलंय काय तिथे, जॉनसन?"

"मोझेस मेला," जॉनसन म्हणाले. "आणि ती पोरं."

फियोनाने माझ्या डोक्यावरची बरणी उचलून ओट्यावर ठेवली. ती मराठी समजते, उत्तर मात्र इंग्रजीत देते. म्हणाली, "इट्स अ सायरन, ममा. नॉट अ डोअरस्टॉप."

हाफिज निघाले तेव्हा जॉनसननी त्यांना हळूच विचारले, "याला हँडल बनवून मिळेल का रे?" हाफिज म्हणाले, "इन्शाल्ला." हा इन्शाल्ला होकाराचा की टाळण्याचा, ते मला कळले नाही. पुढच्या शुक्रवारी माशांच्या पिशवीतून त्यांनी एक हँडल काढले. होड्यांच्या वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेले, जाड आणि दणकट. "माझं मत तेच आहे," ते म्हणाले. "पण तुला बोलायचंय तर पुऱ्या आवाजात बोल."

त्याच दुपारी साक्ष होती. टेबलावर फियोनाचा लॅपटॉप, समोर इस्त्रीच्या शर्टात जॉनसन आणि त्यांच्या पायाशी मी. पडद्यावर न्यायाधीशबाई होत्या, सरकारी वकील होते आणि मागच्या बाकांवर छावणीतून आणलेले गावकरी. त्यांत एबिएरे होती, केस पांढरे झालेली. जॉनसननी सगळे सांगितले. पाइप कसा गंजला होता, तो बंदूकवाले येण्याच्या कितीतरी आधीपासून कसा फुटत होता, गावाला कसे कळवत होते आणि त्या दुपारी हँडल कोणाच्या खिशात होते.

वकील उठले. "ठाण्याच्या सामानात भोंगा नव्हताच," ते म्हणाले. "ही कहाणी गावकऱ्यांनी रचली आहे. या गृहस्थांनी कुठल्या तरी भंगारवाल्याकडून एक यंत्र आणले आहे, बस्स."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "मिस्टर जॉनसन, ते तुमच्याजवळ आहे? मग वाजवा."

जॉनसनचा हात हँडलवर आला आणि थांबला. दोह्यात भरवस्तीत भोंगा! आकाशात फुटणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या आवाजांनी इथली माणसे आधीच दचकलेली. शेजाऱ्याने फोन केला की पोलीस दारात, मग मॅनेजर, मग विमानतळ. ते एलिझाबेथकडे बघत राहिले.

एलिझाबेथ उठल्या आणि बेडरूममध्ये गेल्या. मला वाटले, संपले. पण त्या परत आल्या त्या वसईहून आणलेल्या गोधड्या, रजया आणि उशा घेऊन. त्यांनी खिडकी बंद करून तिला गादी लावली, मला आणि लॅपटॉपला एकाच रजईत घेतले, वर दोन गोधड्या टाकल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आता फिरव. यल्ला."

मित्रांनो, इतक्या वर्षांनी माझा पंखा फिरला. आधी नुसते घशात अडकल्यासारखे झाले. मग आवाज चढला, लांबलचक, गावासाठीचा. गोधडीत गुंडाळले तरी मी कुर्ल्याचा माल आहे! मी पुऱ्या ताकदीने ओरडलो.

माझ्या नाकासमोरच लॅपटॉपचा पडदा होता, म्हणून मी सारे पाहिले. मागच्या बाकांवरचे सगळे गावकरी एकदम उभे राहिले. म्हातारे, बायका, कुबडीवरचा एक माणूस, सगळे. बायकांचे हात आपोआप जाळे ओढू लागले. एबिएरे खिडकीकडे धावली आणि तिच्या भाषेत हाका मारू लागली.

"ती काय म्हणते आहे?" न्यायाधीशबाईंनी दुभाष्याला विचारले.

"पोरांना पाण्यातून बाहेर बोलावते आहे."

"कोणती पोरे?"

वकील खाली बसले.

एबिएरे भानावर आली, डोळे पुसून न्यायाधीशबाईंसमोर उभी राहिली. तिने मागितले ते मला पाठ आहे. "ज्यांनी खून केले त्यांना खुशाल पकडा, ते आमच्यातले असतील तरी पकडा. पाणी साफ करा. आम्हाला घरी जाऊ द्या. आणि त्या भोंग्याचे हँडल आमच्या हातात द्या."

जगातल्या सरकारांनो, इतके साधे आहे! ज्या मुलखातून तेल काढता तिथली माणसे पाण्यात तेल आले म्हणून ओरडत असतील, तर तेव्हाच ऐका. त्यांचे हँडल काढून खिशात घातलेत तर पुढे बंदुकीचा आवाज ऐकावा लागेल. मग बंदुकीला बंदुकीने उत्तर देत बसाल आणि मधल्या मध्ये मोझेस मरतील, पोरे मरतील. हे मी पाहिले आहे. मला कोणी शिकवायला येऊ नये.

गोधड्या काढल्या तेव्हा जॉनसन घामाने निथळत होते. शेजारचा पंजाबी भाऊ दार ठोठावून विचारून गेला, मिक्सर बिघडला का? टेबलावर जॉनसनचा फोन वाजत होता, त्यावर मॅनेजरचे नाव होते. जॉनसननी तो वाजू दिला.

त्यांचे कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढले नाही. फियोनाची परीक्षा झाली की तिघे वसईला जाणार आहेत. एलिझाबेथ कधी रडतात, कधी भांडी जरा जोरात आपटतात, पण त्या दिवसाबद्दल एक शब्दही उलटा बोलत नाहीत. परवा समितीचा हुकूम आला. लष्कराची छावणी होणार नाही, खाडी साफ होईपर्यंत कंपनीचा पंप बंद राहील आणि गाव परत येईल. खून करणाऱ्यांवर खटले चालतील आणि त्या अधिकाऱ्यावरही.

मी एबिएरेकडे निघालो आहे. मित्रांनो, तुमच्या गावात, शाळेत, कारखान्यात एखादा भोंगा असेल तर त्याला तेल पाजा, पुसत जा आणि तो कोणासाठी वाजतो हे अधूनमधून विचारत जा. आज हाफिजनी माझ्यासाठी लाकडी खोका आणला. मी त्यात सरळ मावेना, हँडल आडवे येत होते. हाफिज पाना घेऊन म्हणाले, "हे काढून बाजूला ठेवूया."

एलिझाबेथनी त्यांच्या हातातून पाना घेतला. "नको," त्या म्हणाल्या. "खोका मोठा आणा."