घंटीवाल्या बोकडाची दडी

मी तुळशीराम धनगराचा म्हतारा बोकड बोलून राह्यलो. माह्या गोष्टीचा शेवट वळखून दाखवा बरं. तुम्ही म्हनसान, बोकड हाय, सुरीखाली जाईन. नाही बे. मी मस्त चरून राह्यलो. लावा डोकं.

धामणगाव बढ्याच्या शिवारात मी जलमलो अन् माय मेली. तुळशीरामची बायको सोजराबाई, तिनं मले चहाच्या बशीत दूध पाजलं. मोठा झालो तं गळ्यात घंटी आली. मी पुढं, शंभर मेंढरं मागं. सोजराबाईचा डावा डोळा कधीचाच गेलता, उजव्यानं धुकट दिसे. माह्या घंटीवरच तिले समजे, कळप कुठं हाय.

खोड्या माह्या अंगातच. वाळत घातलेलं लुगडं चावनं, पाहुण्याले मागून ढुशी देनं. सोजराबाई शिव्या देई, मंग भाकरीचा तुकडाही देई.

यंदा दिवाळीनंतर चर्चची मानसं जीपनं आली. सात जनं, चार दिवसांसाठी. मेंढरांले जंताचं औषध, मानसांले गोळ्या, सांजच्याले गिटारवर येशूची गानी. मले अक्षर येत नाही, पन त्यांच्या गान्याच्या वहीचं एक पान खाल्लं. तेवढंच माह्यं शिक्षन.

त्यांच्यातल्या डॉक्टर हर्षलनं सोजराबाईचा डोळा पाह्यला. मोतीबिंदू फुगला, आतला दाब वाढला, आठवड्यात ऑपरेशन नाही झालं तं हाही डोळा जाईन, असं त्यानं तुळशीरामले सांगतलं. शहरातल्या दवाखान्यात डोळ्याचा सर्जन पंधरा दिवसांतून एकदा येई, दुपारी बारापर्यंत. त्याचा दिवस अन् जीप वापस जायाचा दिवस एकच. जाता जाता सोजराबाईले तिथं सोडू म्हने.

आदल्या दिवशी त्यांच्यातली अनुपमा बिस्किट खाऊन राह्यली होती. मी मान वाकडी केली, लंगडलो, कन्हलो. "बिचाऱ्याचा गळा घासतोय गं," म्हनून तिनं घंटी सोडली, खिशात टाकली अन् मले दोन बिस्किटं देल्ली. तुळशीराम मेंढरांले पानी पाजाले गेलता. इचारनार कोनाले?

सकाळी जीप उभी. सोजराबाई धुतलेलं लुगडं नेसून तयार. पन तिच्या सासूची रीत होती, मुक्कामाले जायाच्या आंधी कळपाच्या म्होरक्याच्या कपाळाले हळद लावाची, मंगच पाय उचलाचा. हातात हळद घेऊन ती घंटी ऐकाले उभी राह्यली. घंटी कुठची?

मी वीस पावलांवर तुरीत दडलो होतो. मनातल्या मनात हसून राह्यलो होतो.

तुळशीरामनं नाला पाह्यला, पोरांनी झुडपं पाह्यली. हर्षल घड्याळ पाहे अन् म्हने, "आजी, उशीर होतोय. चला ना."

"लांडग्यानं नेला असन तं काय करू, बाप्पा? बशीत दूध पाजलेलं लेकरू हाय माह्यं."

अनुपमाले खिशातली घंटी आठोली. तिनं मले बोलवाले वाजवली. सोजराबाई आवाजावर धावली, हात चाचपत गेली, अन् त्या पोरीचं मनगट धरलं. "ही तं तू हाय वो," म्हने. पोरगी तिथंच रडाले लागली.

मले तवा एकदा बें करता आलं असतं. नाही केलं. मजा येऊन राह्यली होती.

अकरा वाजून गेले. शहर दीड तासावर, मंग सर्जन भेटनार नव्हता, अन् त्यांची रेल्वेही होती. त्यांनी सोजराबाईच्या डोळ्यावर हात ठेवून प्रार्थना केली अन् गेले. धूळ खाली बसली तसा मी तुरीतून निंघालो.

तुळशीरामनं काठी उगारली. सोजराबाईनं ती धरली. "मुकं जनावर हाय, जाऊ द्या," म्हने, अन् माह्या कपाळाले हळद लावली. एक शिवी देल्ली नाही.

पंधराव्या दिवशी तुळशीरामनं तिले एसटीनं नेलं. सर्जननं डोळा पाह्यला अन् तसंच वापस धाडलं.

आता ती भाकर देते तं माह्यं तोंड चाचपून देते. वाचनाऱ्या दादा, कधी इकडं आला तं तिले सांगा, मले एकदा तरी शिवी दे म्हना. दडलो मी, बिस्किटं खाल्ली मी. भरपाई तिनं केली, राह्यलेल्या एका डोळ्यानं.