वरच्या बांधीचं पाणी

चामोर्शीच्या आमच्या मोहल्ल्यात पहिलं स्लॅबचं घर आमचं. चौऱ्याऐंशी साली बांधलं. माझे मिस्टर देवाजी ऊर्जानगरला नोकरीला होते, शनिवारी यायचे. तिथल्या क्वार्टरांच्या गच्च्या पाहून त्यांनी कवेलूचं, म्हणजे कौलारू छपराचं, नावच टाकलं होतं. मी शाळेत शिकवणारी. दर उन्हाळ्यात कवेलू फेरायला माणसं शोधायची कटकट संपेल म्हणून मीही हट्ट धरला. घरासाठी धानाच्या दोन्ही बांध्या, पाळी घालून पाणी धरलेली शेतं, विकल्या. माझ्या सासऱ्यांनी, बापूरावांनी, सही केली. मी त्यांना मामाजी म्हणायची.

स्लॅब टाकल्यावर हाफिज मिस्त्रीने वर मातीच्या पाळी घालून वाफे केले आणि त्यात पाणी भरायला सांगितलं. सिमेंट ओलं राहिलं पाहिजे. या कामाला मामाजींनी कोणाला हात लावू दिला नाही. सकाळ-संध्याकाळ वर जायचे, पाळ फुटली की चिखलाने लिंपायचे. तिथं धानाची रोवणी तेवढी करायची राहिली, असं मी चिडवलं तर हसले होते. बांध्या गेल्यानंतर ते हसलेले मी तेव्हाच पाहिले.

पाळी काढल्या, विटांच्या तुकड्यांचा कोबा झाला. पाणी कुठे काढायचं हा प्रश्न आला. रस्त्याच्या बाजूला आमचा नवा ओटा होता, तो भिजू नये म्हणून देवाजींनी उतार दुसऱ्या बाजूला धरायला लावला आणि तिकडेच पाइप काढला. तिकडे खातूनबाईचं मातीच्या भिंतीचं घर. ती एकटीच राहायची, आणि तेव्हा पोरीच्या, सुरय्याच्या बाळंतपणाला चंद्रपूरला गेली होती. दाराला कुलूप होतं. मामाजी तेव्हा "खातूनबाई येऊ द्या" असं काहीतरी म्हणाले, पण देवाजींना सुट्टी कमी होती.

पावसाळा लागला आणि गच्चीत पाणी साचायला लागलं. मी वर जाऊन पाहते तर घोटाभर पाणी, आणि पाइपाच्या तोंडात चिखल आणि तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, बोळा. चांगला दाबून बसवलेला, जसा बांधीचं तोंड बुजवताना बसवतात. मी सळईने तो काढला. पाणी धो धो खाली गेलं. पुढच्या पावसात बोळा पुन्हा जागेवर.

"मामाजी, हे तुम्ही केलं?"

"होय."

"काऊन?"

"खातूनबाई गावात नाई," ते म्हणाले, आणि बिडी पेटवून बसले.

याला काय उत्तर म्हणायचं? मी शाळेत पन्नास पोरांना सांभाळते, पण त्या दिवशी माझं टाळकं फिरलं. पुन्हा बोळा काढला. त्यांनी पुन्हा लावला. एका दुपारी स्वयंपाकघराच्या छतातून चुलीवर थेंब पडायला लागले. हाफिज मिस्त्री येऊन पाहून गेला.

"बाई, गच्ची पानी वाहून जाले बनवली, ठेवाले नाई," तो म्हणाला. "असंच राह्यलं तर आतल्या सळया सडून जातीन."

शनिवारी देवाजी आले. छताचा डाग पाहून खालीच बसले. "बांध्या गेल्यापासून बाबाचं चित्त ठिकाणावर नाई," ते म्हणाले. "त्याईले गच्चीच बांधी वाटून राह्यली."

मलाही तेच वाटत होतं. धाकटे दीर मुखरू आलापल्लीला लाकडाच्या डेपोत होते, कवेलूच्या क्वार्टरात राहायचे. मामाजींना तिकडे ठेवायचं ठरलं. मीच आधी सुचवलं, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. मला माझं छत दिसत होतं. मामाजींना सांगितलं तेव्हा ते "बरं" म्हणाले. दोन धोतरं, गमछा आणि भिंतीवरचा बुद्धांचा छोटा फोटो पिशवीत घातला.

रविवारी सकाळी पाऊस उघडला होता. चंद्रपूरची गाडी आली आणि बोचकं घेऊन खातूनबाई उतरली. मामाजी ओट्यावर पिशवी मांडीवर घेऊन आलापल्लीच्या गाडीची वाट पाहत बसले होते. ते उठले आणि पिशवीसकट तिच्या दारात गेले. मी तेव्हा बोळा काढायला गच्चीवर आले होते. कठड्यावरून मला दोघं दिसत होते.

"खातूनबाई, आमच्या गच्चीचं पानी तुमच्याकडं उतरते," मामाजी म्हणाले. "वरच्या बांधीचं पानी खालच्याले इचारल्याबिगर सोडते का कोनी? तुमाले न सांगता कसं सोडू? म्हून बुजवून ठेवलं. सूनबाईनं काढलं दोन-तीनदा, तिले मालूम नाई."

खातूनबाईने वर पाइपाकडे पाहिलं, मग आपल्या भिंतीकडे. मीही तेव्हाच पाहिलं. पाइपाच्या बरोबर खाली तिच्या भिंतीचा पाया खरवडून गेला होता, आतली माती उघडी पडली होती. ते माझ्या सळईचं काम. मामाजींनी पाइप बुजवला नसता तर इतक्या पावसात ती भिंत बसली असती, आणि भिंतीच्या आतल्या बाजूला तिची खाट होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भाऊ, तुमचं छत गळलं असंन ना इतक्यात," खातूनबाई म्हणाली.

"गळलं."

"मंग सोडा. फक्त एक नाली काढून द्या, भिंतीपासून दूर."

मामाजींनी पिशवी तिच्या ओट्यावर ठेवली, धोतर खोचलं आणि फावडं मागून घेतलं. तिच्या अंगणातून रस्त्याच्या गटारापर्यंत नाली खोदायला लागले. आलापल्लीची गाडी आली, हॉर्न वाजवून गेली. देवाजी रस्त्यात उभे होते. त्यांनी गाडीला हात दाखवला नाही. थोड्या वेळाने त्यांनी दुसरं फावडं घेतलं.

पाइपाखाली मोठा दगड ठेवून झाल्यावर मामाजींनी वर पाहून हाक मारली, "सोड, बाई."

मी सळई ठेवून दिली आणि हातानेच बोळा काढला. पाणी दगडावर पडलं आणि नालीत वळलं. मामाजी पाण्याबरोबर चालत गेले, वाटेत अडलेला कचरा पायाने सारत, थेट गटारापर्यंत.

मी खाली उतरले तेव्हा ते आमच्या ओट्यावर पाय धूत होते. पिशवी पुन्हा शेजारी आणून ठेवली होती.

"दुसरी गाडी कवा हाय?" त्यांनी विचारलं.

दुपारची एक गाडी रोज असते, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता गाडी नाही, मामाजी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले, आणि पिशवीतून फोटो काढून पुन्हा खिळ्याला लावायला आत गेले.