न निथळलेलं ताट

मी एक जुना लोखंडी झारा आहे. माझ्या जन्माचा आकडा मला सांगता येणार नाही. पण ज्या वर्षी या घरच्या आईचे यजमान गेले आणि तिने कंबर कसून तळणाचं दुकान काढलं, त्याच वर्षी लोहाराने मला घडवलं. तिचा एकुलता एक मुलगा तेव्हा रांगत होता.

लोहाराने माझ्या चपट्या तोंडाला एकेक करून भोकं पाडली आणि मला उन्हात उंच धरलं. त्याच्या दंडावर उजेडाचे ठिपके पडले. "दिवसाढवळ्या चांदणं पडलं की रे!" असं म्हणून तो हसला. मित्रांनो, जगात येऊन मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. पुढे उकळत्या तेलात उतरताना मी नेहमी ते चांदणं आठवत असे.

माझं काम साधं होतं. तळण उचलायचं, कढईच्या काठावर टक टक आपटायचं आणि जास्तीचं तेल भोकांतून खाली सोडायचं. यालाच निथळणं म्हणतात. आमचं दुकान बसथांब्यासमोर होतं. माशांचे तुकडे, पिठात बुडवलेले बटाट्याचे काप खाऊन गिऱ्हाइकं बोटं चाटत. "काकू, तुमच्या हाताला चव आहे!" असं म्हणत. चव काकूंच्या हाताला आणि चटके मला! पण मला राग येत नसे. बुडबुडे कानाशी गुणगुणत आणि माझा डोळा लागे.

एका ताटासाठी मात्र आई मला निथळू देत नसे. ते तिच्या मुलाचं ताट. "तेल म्हणजे ताकद. ती परत कढईत कशाला सोडायची?" असं म्हणून ती मला तसाच ठिबकत त्याच्या ताटात रिकामा करी. तिने त्याला पहिलवान म्हणायला सुरुवात केली. त्याने आखाड्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. पोट मात्र त्याच्या आधी दारातून बाहेर पडे. "काकू, पोराच्या अंगी लागतंय हो!" असं कुणी म्हटलं की आईच्या अंगावर मूठभर मांस चढे.

पहिलवानाचं लग्न झालं. सून शिवणकाम करणारी, अंगाने बारीक, मोजकं बोलणारी होती. मागच्या खोलीत तिचं मशीन चाले. वर्षं सरली, पण माळ्यावरचा पाळणा काही खाली येईना. मग आईची बहीण येऊ लागली. तळण खाता खाता ती म्हणे, "अशी काडी घरात आणलीस. हिच्यात काय रुजणार? माहेरी पाठव आणि दुसरी बघ." हे ऐकू येऊ नये म्हणून सून मशीनचं चाक जोरात फिरवी. मी खिळ्यावर टांगलेला असे. मला सगळं ऐकू येई.

आई बहिणीला होही म्हणत नसे आणि नाहीही म्हणत नसे. पण तिने सुनेला मला हात लावायची बंदी केली. "तुझ्या हाताला यश नाही," असं ती म्हणाली. आणि पहिलवानाच्या तळणावर वरून वितळलेलं लोणी घालू लागली. "वंश वाढवायचाय. अंगात जोर नको का?"

एके सकाळी सून नवऱ्याला म्हणाली, "मी माहेरी जाईन. पण आधी आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, तुमची एकही नाही."

"मला काय धाड भरलीय?"

"काही नसेल तर घाबरता कशाला?"

तो गेला. परत आला तेव्हा आई कढईपाशी होती आणि मी तिच्या हातात होतो. पहिलवान स्टुलावर बसला आणि खाली मान घालून बोलला, "आई, तिच्यात काही कमी नाही. कमी माझ्यात आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचं निम्मं बीज बापाचं असतं. माझं बीज थोडं आहे आणि सुस्तही आहे. रोजचं तेलकट खाणं, पोटावरची चरबी, यानेही तसं होऊ शकतं."

"काहीतरीच! एवढं खाल्लेलं अंगी लागलं नाही होय?"

"लागलं ना, आई. तेच नडलं."

कढईतले काप काळे पडले. इतक्या वर्षांत आईच्या हातून काही करपलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी हमी दिली नव्हती. दुसरी कारणंही असतात, तीही पाहू, असं त्या म्हणाल्या होत्या. पण नवं बीज तयार व्हायला तीनेक महिने लागतात, तेव्हा ताट बदला आणि रोज पायी चाला, असं त्यांनी बजावलं होतं.

"माझं चुकलं," हे शब्द आईच्या जिभेला कधी जमले नाहीत. तिने मला घासलं, पुसलं आणि सुनेच्या हातात दिलं. "घे. घरचं आता तूच बघ. आणि नीट निथळ."

"आई, आता निथळायला तेल तरी कुठे असणार आहे?" सून म्हणाली. आधी आईला हसू फुटलं, मग तिचे डोळे भरले.

पुढच्या खेपेला बहिणीने विचारलं, "मग, कधी पाठवतेस हिला?" आई म्हणाली, "ती कुठे जात नाही. तूच नीघ, तुझी बस चुकेल."

दुकानाच्या तळणाला नवा झारा आला. मी घरच्या उकडलेल्या भाज्या पाण्यातून उचलू लागलो. तेलात आयुष्य काढलेल्याला ते पाणी म्हणजे आंघोळच! पहिलवान सकाळी चालायला जाई आणि घामाघूम होऊन परते. तीन महिने झाले, काही घडलं नाही. सून भाज्या चिरत राहिली. पावसाळा गेला, थंडी गेली. मग एका दुपारी मशीन मध्येच थांबलं, आणि थोड्या वेळाने कुणीतरी माळ्याला शिडी लावली.

मुलगी झाली. पाळणा स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ बांधला. मी त्या खिडकीत टांगलेला असे; माझ्या भोकांतून ऊन झिरपून दुपट्यावर पडे आणि ती ते ठिपके मुठीत धरायला बघे. "माझी पहिलवानीण!" आई म्हणे. "आई, ते नाव नको हं!" सून आतून ओरडे.

मित्रांनो, आता मला गंज चढतो आहे. मला अधूनमधून घासत जा, माझी भोकं बुजू देऊ नका. मायेने वाढलेलं ताटही जरा निथळून घ्या. आणि पाळणा हलला नाही, तर एकटीकडे बोट दाखवू नका.

नात चालायला लागली त्या वर्षी, उन्हाळा सरता सरता, आई दुपारच्या झोपेतच गेली.