उत्तरेचा उतार

"मनोऱ्यावरून आमचं घर दिसतं का रे, ओनुत्स?" चर्चच्या छपराच्या उत्तरेकडच्या उतारावरून गाव्रिलाने वर ओरडून विचारलं.

"दिसतं की! तोदोसियाताई आलुबुखार वाळत घालतेय. तुमच्यापेक्षा तिचा हात भराभर चालतोय, साडूभाऊ!"

वरची माणसं खो खो हसली. गाव्रिलाने पुढचं लाकडी कौल ठोकलं आणि पुन्हा मान वर केली. मनोऱ्यावर ओनुत्सची कौलांची एक ओळ आणखी चढली होती.

तातारांनी आधीचं चर्च जाळल्यावर गावाने ओकचे ओंडके एकमेकांत अडकवून हे उभारलं. भिंती अजून त्याच आहेत. कौलं मात्र प्रत्येक पिढीला बदलावी लागतात. जो मनोरा मढवतो, त्याच्या नावाने तो ओळखला जातो. आजवर तो गाव्रिलाचा मनोरा होता. यंदा पाद्री म्हणाले, "तुझे गुडघे आता वर चढायचे नाहीत. तू उत्तरेचा उतार घे." खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. उत्तरेच्या उताराकडे बघतं कोण?

कौलाची एक कड पातळ असते, दुसरीत खाच. शेजारच्या कौलाची पातळ कड त्या खाचेत बसते. पाऊस येतो पश्चिमेच्या गुतीय डोंगराकडून, म्हणून खाचेचं तोंड पूर्वेला ठेवायचं, नाहीतर ती पाणी पिते. ओनुत्सला हे गाव्रिलानेच शिकवलं होतं.

पहिला मोठा पाऊस ऐन रविवारी, प्रार्थनेच्या वेळी आला. मनोरा बाहेरच्या, बायकांच्या दालनावर होता. आतल्या दालनातल्या पुरुषांमधून गाव्रिला हळूहळू मागे सरकला आणि मधल्या भिंतीच्या झरोक्याला तोंड लावून कुजबुजला, "तोदोसिया, वरून गळतंय का?"

"कोरडं ठणठणीत आहे. पुढे बघा हो, देवासमोर आहात!"

"नीट बघ. कोपऱ्यात?"

"काय, गळायलाच हवंय का तुम्हाला?"

टप.

आवाज मागून आला. टप. पुरुषांच्या दालनात, उत्तरेच्या बाजूला जमिनीवर थेंब पडत होते. गाव्रिलाला लगेच आठवलं. त्या हसण्याच्या दिवशीची ती ओळ. मान मनोऱ्याकडे, हात कौलांवर. तिच्या सगळ्या खाचा पश्चिमेला तोंड करून बसल्या होत्या.

ओनुत्सनेही आवाज ऐकला. त्याने छताकडे पाहिलं, मग गाव्रिलाकडे. आता हा सगळ्यांदेखत काहीतरी टोमणा मारणार, म्हणून गाव्रिला वाट बघत राहिला.

ओनुत्स फक्त एक पाऊल डावीकडे सरकला. टपटप थांबली. प्रार्थना संपेपर्यंत तो जागचा हलला नाही, आणि त्याच्या मेंढीच्या कातड्याच्या बंडीचा खांदा भिजून काळा पडत गेला.

बाहेर पाऊस ओसरला होता. पाद्री मनोऱ्याकडे बघत म्हणाले, "काय गाव्रिला, टिकेल ना तुझा मनोरा?"

जुन्या सवयीने ते तसं म्हणून गेले होते. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं.

"ओनुत्सचा," गाव्रिला म्हणाला. "ओनुत्सचा मनोरा. टिकेल. शिडी मात्र राहू द्या. उत्तरेला माझं काम उरलंय."

ओनुत्सने बंडी काढली आणि ओला खांदा आत जाईल अशी घडी घालून हातावर घेतली.